झडपेचा वीस वर्षांचा हिशेब

टूडी एकोच्या अहवालात ‘सिव्हिअर एमआर’ असं लिहून येतं, तेव्हा हृदयाच्या डाव्या बाजूची द्विदल झडप, म्हणजेच मायट्रल व्हॉल्व्ह, खूप गळते आहे असा त्याचा अर्थ. हा शेरा पुण्यातल्या अठ्ठावन्न वर्षांच्या बँक अधिकाऱ्याच्या कागदावर असू शकतो, तसाच नंदुरबारकडच्या बावीस वर्षांच्या मुलीच्याही. कागदावर दुखणं एकच. छाती उघडली की मात्र दोन निराळ्या झडपा दिसतात. बँक अधिकाऱ्याच्या झडपेचा पडदा ढिला पडलेला आणि एखादा तंतू तुटलेला. मुलीची झडप जाड झालेली, आखडलेली, कडांना चिकटलेली. पहिली झडप चांगल्या हातांनी दुरुस्त केली तर तो माणूस आपल्या वयाच्या निरोगी माणसांइतकाच जगण्याची शक्यता असते. दुसरीबद्दल इतक्या खात्रीने कोणी बोलत नाही.

झडप दुरुस्त करावी की बदलावी, या प्रश्नावर जगात भरपूर संशोधन झालं आहे. त्यातलं बरंचसं पहिल्या प्रकारच्या रुग्णांवर झालं आणि आपल्या सरकारी रुग्णालयांत वर्षानुवर्षं रांग राहिली दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे संधिवाताने झडप बिघडलेल्या, रुग्णांची. बाहेरचे आकडे वाचताना हे सतत लक्षात ठेवावं लागतं.

आधी थोडं झडपेच्या रचनेबद्दल. दिवसाला सुमारे एक लाख वेळा ही झडप उघडते आणि मिटते. तिचे दोन पडदे बारीक, चिवट तंतूंनी खालच्या कप्प्यातल्या स्नायूंच्या उंचवट्यांना बांधलेले असतात, म्हणून रक्ताच्या दाबाखाली ते उलटे फिरत नाहीत. पडद्यांच्या बुडाशी एक कडं असतं. पडद्याला भोक पडलं, तंतू ताणला किंवा तुटला, स्नायू जागचा सरकला, यातलं काहीही झालं की झडप गळू लागते. कधी बाकी सगळं ठीक असतं, नुसतं कडं पसरलेलं असतं. चौकट फाकली की दारं धड असूनही मध्ये फट राहते, तसा हा प्रकार. आकसलेली झडप हा वेगळा बिघाड. त्यात पडद्यांच्या कडा एकमेकींना चिकटतात आणि रक्ताची वाट अरुंद होते.

सर्जनांनी पहिला हात घातला तो या आकसलेल्या झडपेला. मे १९२३ मध्ये बॉस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात इलियट कटलर यांनी बारा वर्षांच्या एका मुलीच्या धडधडत्या हृदयात सुरी घालून झडपेच्या कडा कापल्या. ती साडेचार वर्षं जगली. त्यानंतर कटलरनी झडपेचा तुकडाच कापून काढणारं हत्यार वापरलं आणि त्यांचे रुग्ण एकामागून एक दगावले. आकसलेली झडप अशी कापली की ती बेफाम गळू लागते आणि हृदयाला अचानक आलेली ती गळती सोसत नाही, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. १९२९ मध्ये त्यांनी हा नाद सोडला. मधल्या काळात, १९२५ मध्ये, लंडनला हेन्री सुटर यांनी हत्यार बाजूला ठेवून हृदयाच्या कानासारख्या भागातून बोट आत सरकवलं आणि बोटानेच झडप मोकळी केली. रुग्ण तरुणी बरी होऊन घरी गेली. तरीही सुटर यांच्याकडे दुसरा रुग्ण कोणी पाठवला नाही, कारण खरा दोष झडपेत नसून हृदयाच्या स्नायूत असतो, असं त्या वेळच्या ब्रिटिश हृदयतज्ज्ञांचं ठाम मत होतं. एका यशस्वी शस्त्रक्रियेपेक्षा मोठ्यांचं मत जड ठरलं आणि जवळपास पाव शतक वाया गेलं.

१९४८ मध्ये कोंडी फुटली. फिलाडेल्फियाच्या चार्ल्स बेली यांचे पहिले चार रुग्ण गेले होते. चौथा गेला तो १० जूनच्या सकाळी. त्याच दुपारी, मनाईचा हुकूम पोचण्याआधी, ते दुसऱ्या रुग्णालयात गेले आणि त्यांनी पाचवी शस्त्रक्रिया केली. ती बाई जगली, आणि पुढे दशकानुदशकं जगली. आजच्या कोणत्याही नैतिक समितीने बेलींना त्या दुपारी शस्त्रक्रियागृहाच्या पायऱ्या चढू दिल्या नसत्या. त्यांचं कौतुक करावं की त्यांना दोष द्यावा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बॉस्टनचे ड्वाइट हार्केन आणि लंडनचे रसेल ब्रॉक यांनाही त्याच वर्षी यश आलं.

हृदय न थांबवता बोटाने झडप मोकळी करण्याची ही पद्धत भारताला मानवली. तिला महागडं यंत्र लागत नव्हतं आणि रुग्णांना तर तोटाच नव्हता. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या स्टॅन्ली जॉन आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये अशा ३,७२४ रुग्णांचा दीर्घकाळचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. जगातल्या मोजक्या मोठ्या नोंदींपैकी ती एक. त्याच सुमारास जपानच्या कांजी इनोउए यांनी मांडीतल्या शिरेतून फुगा नेऊन झडप फाकवण्याची युक्ती काढली. हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटमध्ये साठ रुग्णांवर फुगा आणि उघडी शस्त्रक्रिया यांची समोरासमोर तुलना झाली. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तीन वर्षांनंतर फुग्याच्या गटातली झडप अधिक उघडी आढळली. आकसलेली पण अजून लवचीक असलेली, फारशी न गळणारी झडप असेल, तर सर्जनचं काम तिथेच संपलं. तिला आज ‘बलून’ करतात आणि रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी जातो. गळणाऱ्या झडपेचा प्रश्न मात्र इतक्या स्वस्तात सुटणारा नव्हता.

त्यावर सोपं उत्तर आलं १९६० मध्ये. पोर्टलंडचे सर्जन अल्बर्ट स्टार आणि निवृत्तीला आलेले अभियंते लोवेल एडवर्ड्स यांनी पिंजऱ्यात फिरणाऱ्या गोळीची कृत्रिम झडप बनवली. त्यांचा पहिला रुग्ण काही तासांत गेला. दुसरा पंधरा वर्षं जगला आणि शिडीवरून पडून वारला. झडप तोवर चालूच होती. झडप खराब झाली की कापून टाकायची आणि नवी बसवायची, हा विचार सर्जनांना पटकन भावला. तो शिकायला आणि शिकवायला सोपा होता. आपल्याकडे परदेशी झडपेची किंमत परवडत नव्हती, म्हणून तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या चमूने कलत्या चकतीची देशी झडप घडवली. आधीची रूपं एकामागून एक बाद झाली आणि डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्यांदा माणसात बसवली गेली. त्यानंतर ती एक लाखाहून अधिक रुग्णांना बसली आहे.

कृत्रिम झडप जीव वाचवते, पण तिचं भाडं रुग्ण आयुष्यभर भरतो. धातूच्या झडपेवर गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी कायमची लागते. आपल्याकडे बहुधा अ‍ॅसिट्रॉम किंवा वॉरफरिन. गोळी कमी पडली तर झडप अडकते किंवा मेंदूत गुठळी जाते. जास्त झाली तर रक्तस्राव होतो. प्राण्याच्या ऊतीपासून केलेल्या झडपेला ही गोळी कायम लागत नाही, पण ती झिजते, आणि तरुण माणसात लवकर झिजते. शिवाय सर्जनांच्या हळूहळू लक्षात आलं, की झडपेचे तंतू कापले की खालच्या कप्प्याचा आकार आणि जोर दोन्ही बिघडतात. झडप आणि स्नायू हे एकच यंत्र आहे.

याच टप्प्यावर पॅरिसच्या ब्रुसे रुग्णालयातले अ‍ॅलेन कार्पेंतिए महत्त्वाचे ठरतात. झडपेवर टाके घालून गळती कमी करण्याचे प्रयत्न त्यांच्या आधीही झाले होते. मेयो क्लिनिकचे ड्वाइट मॅगून यांनी १९६० मध्येच तुटलेल्या तंतूंची झडप शिवली होती. पण ते प्रयत्न ज्याच्या त्याच्या हस्तकौशल्यावर चालत. कार्पेंतिए यांनी आधी विचाराची शिस्त आणली. झडप कशामुळे बिघडली, तिचा कोणता भाग बिघडला आणि त्यामुळे पडदा कसा हलतो, हे तीन प्रश्न त्यांनी वेगळे केले आणि दुरुस्तीचा आराखडा तिसऱ्या प्रश्नावर बेतला. पडदा नीट हलतो, गरजेपेक्षा जास्त हलतो, की पुरेसा हलत नाही? पहिल्या प्रकारात कडं आवळायचं, दुसऱ्यात ढिला भाग काढून किंवा आधार देऊन बसवायचा, तिसऱ्यात आखडलेलं सोडवायचं. सगळ्यांत शेवटी झडपेच्या मूळ आकाराचं एक कडं शिवून टाकायचं. १९८३ मध्ये त्यांनी हे सारं ‘फ्रेंच करेक्शन’ या नावाने मांडलं. नावात थोडा खट्याळपणा आहे; समोर बसलेले श्रोते अमेरिकन सर्जन होते आणि ते तोवर झडपा बदलण्यातच रमलेले होते. पुढे टोरांटोच्या टायरोन डेव्हिड यांनी तुटलेल्या तंतूंच्या जागी गोअर-टेक्सचे धागे बसवण्याची पद्धत रुजवली. त्यामुळे पडदा कापण्याची गरज कमी झाली. स्टार आणि कार्पेंतिए यांना २००७ चा लास्कर पुरस्कार एकत्र मिळाला. एकाने झडप बदलायला शिकवलं, दुसऱ्याने ती राखायला.

आता निकालांकडे. कार्पेंतिए यांच्या गटाने २००१ मध्ये संधिवातेतर कारणांनी गळणाऱ्या झडपेच्या १६२ रुग्णांचा पाठपुरावा छापला. वीस वर्षांनी ४८ टक्के हयात होते. आकडा ऐकायला कमी वाटतो, पण शस्त्रक्रियेच्या वेळी बहुतेकांनी पन्नाशी ओलांडलेली होती आणि त्याच वयाच्या सर्वसाधारण फ्रेंच लोकांचं प्रमाण तितकंच होतं. दुसऱ्या शस्त्रक्रियेची पाळी फार थोड्यांवर आली. मेयो क्लिनिकच्या १९९५ च्या अभ्यासात दहा वर्षांनी दुरुस्तीच्या गटातले ६८ टक्के आणि बदललेल्या झडपेचे ५२ टक्के रुग्ण हयात होते.

हे आकडे पत्रकांवर झळकतात. ते खोटे नाहीत, पण त्यांत दोन खाचखळगे आहेत. पहिला असा, की या रुग्णांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. ज्यांची झडप मुळात बरी होती त्यांचीच दुरुस्ती झाली. जिची दैना झाली होती ती बदलली गेली. संख्याशास्त्राने हा फरक काही अंशी भरून काढता येतो, पुरता नाही. दुसरा खड्डा अधिक खोल आहे. ‘पुन्हा शस्त्रक्रिया लागली नाही’ आणि ‘झडप पुन्हा गळली नाही’ ही दोन वेगळी विधानं आहेत. सत्तरीतल्या माणसाची झडप परत गळू लागली, तरी पुष्कळदा कोणी त्याची छाती दुसऱ्यांदा उघडत नाही. बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या सर्जनांनी २००३ मध्ये आपल्या रुग्णांचे एको ओळीने तपासले, तेव्हा सात वर्षांनी मोठ्या गळतीपासून मुक्त असलेले ७१ टक्केच निघाले. निष्णात केंद्रांचे आकडे याहून चांगले आहेत. पण या अभ्यासानंतर ‘पुनर्शस्त्रक्रिया नाही’ एवढ्यावर यशाचा दाखला देणं कठीण झालं, आणि हे प्रामाणिक काम सर्जनांनी स्वतःच केलं याचं मोल मोठं आहे.

निष्णात हा शब्द इथे मुद्दाम वापरला. न्यूयॉर्क राज्यातल्या सर्जनांची २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी डोळे उघडणारी आहे. क्रमाने मधोमध येणारा सर्जन द्विदल झडपेच्या वर्षाला जेमतेम दहा शस्त्रक्रिया करत होता. वर्षाला दहा किंवा त्याहून कमी करणाऱ्यांच्या हाती ४८ टक्के झडपा दुरुस्त झाल्या, पन्नासहून अधिक करणाऱ्यांच्या हाती ७७ टक्के. म्हणजे झडप राहणार की जाणार, हे तिच्या अवस्थेइतकंच आपण कोणाच्या टेबलावर झोपतो यावरही ठरतं. रुग्णाने सर्जनला ‘वर्षाला किती दुरुस्त्या करता?’ असं विचारणं उद्धटपणाचं नाही. वेळेबाबतही मत बदललं आहे. पूर्वी दम लागेपर्यंत थांबत. आता खालच्या कप्प्याचा जोर, म्हणजे एकोतला ईएफ, ६० टक्क्यांवर किंवा त्याखाली उतरला किंवा तो कप्पा आकुंचनाच्या शेवटी ४० मिलिमीटरपर्यंत रुंदावला, तर त्रास नसतानाही शस्त्रक्रिया सुचवतात. गळक्या झडपेत हृदयाला मागच्या मागे रक्त ढकलणं सोपं जातं, म्हणून ६० चा ईएफ दिसतो तितका चांगला नसतो.

दुरुस्तीच्या भक्तांना जमिनीवर आणणारा एक अभ्यासही सांगायला हवा. हृदयविकाराच्या झटक्यानंतर खालचा कप्पा पसरतो आणि धड झडपही गळू लागते. अशा २५१ रुग्णांना अमेरिका आणि कॅनडात चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागलं: एकात कडं आवळून दुरुस्ती, दुसऱ्यात तंतू राखून नवी झडप. जगण्यात फरक दिसला नाही, पण दोन वर्षांत दुरुस्त झडपांपैकी ५८.८ टक्के पुन्हा लक्षणीय गळू लागल्या, बदललेल्यांपैकी ३.८ टक्के. कारण उघड आहे. रोग स्नायूत होता आणि इलाज झडपेवर झाला. मिलानच्या ओत्तावियो अल्फिएरी यांनी दोन्ही पडदे मध्यभागी एका टाक्याने जोडण्याची जी युक्ती काढली होती, तिच्यावरून पुढे छाती न उघडता शिरेतून बसवायची क्लिप तयार झाली. २०१८ मध्ये तिच्या दोन मोठ्या चाचण्या काही आठवड्यांच्या अंतराने आल्या. अमेरिकेतल्या चाचणीत मृत्यू स्पष्टपणे घटले, फ्रान्समधल्या चाचणीत काहीच फरक पडला नाही. रुग्णनिवडीतला फरक हे त्याचं बहुमान्य स्पष्टीकरण. महाधमनीच्या झडपेची दुरुस्ती मोजक्याच केंद्रांत होते, आणि त्रिदल झडपेकडे सर्जन आता कुठे गांभीर्याने पाहू लागले आहेत; त्यांचा हिशेब वेगळ्या लेखाचा विषय आहे.

पुन्हा नंदुरबारच्या मुलीकडे येऊ. तिच्या झडपेचा रोग बहुतेक वेळा शाळेच्या वयात सुरू झालेला असतो. स्ट्रेप्टोकॉकस जंतूंमुळे घसा दुखतो, दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात, ताप येतो, आणि त्या जंतूंवर उठलेली शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच झडपांवर उलटते. सांधे बरे होतात, झडप होत नाही. २०१५ साठी केलेल्या जागतिक अंदाजानुसार संधिवाताच्या हृदयरोगाचे जगात ३ कोटी ३४ लाख रुग्ण होते आणि त्यांतले १ कोटी ३२ लाख भारतात.

या झडपांच्या दुरुस्तीचा एक मोठा लेखाजोखाही पॅरिसचाच आहे. रुग्ण ९५१, सरासरी वय पंचवीस. दहा वर्षांनी ८२ टक्के आणि वीस वर्षांनी ५५ टक्के रुग्ण दुसऱ्या शस्त्रक्रियेविना होते. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. ए. संपत कुमार आणि सहकाऱ्यांनी, थायलंडमध्ये डॉ. तवीसाक चोतिवतानापोंग यांनी हे काम नेटाने केलं: जाड पडदा सोलून पातळ करणं, चिकटलेले तंतू सोडवणं, रुग्णाच्याच हृदयावरणाचा तुकडा लावून आखडलेला पडदा वाढवणं. हे सगळं वेळखाऊ आहे, आणि एकदा दुरुस्त केलेल्या झडपेवर रोग परत उठू शकतो. म्हणून पुष्कळ सर्जन अशी झडप सरळ बदलतात. त्यांचं म्हणणं असं, की गरीब रुग्ण दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी परत येईलच याची खात्री नसते, तेव्हा टिकाऊ काम एकदाच करावं.

हा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. बावीस वर्षांच्या बाईला धातूची झडप बसवली की पुढचा प्रश्न मुलांचा येतो. वॉरफरिन गर्भाला बाधू शकतं आणि ते थांबवलं तर झडपेवर गुठळी होऊ शकते. गरोदर हृदयरुग्णांच्या आंतरराष्ट्रीय नोंदणीच्या २०१५ मधल्या अहवालात धातूची झडप असलेल्या २१२ स्त्रियांपैकी केवळ ५८ टक्क्यांचं बाळंतपण गंभीर गुंतागुंतीशिवाय पार पडून मूल जिवंत जन्मलं. कृत्रिम झडप नसलेल्या हृदयरुग्ण स्त्रियांत हे प्रमाण ७८ टक्के होतं. अशा वेळी पंधरा वर्षं टिकणारी ‘अपुरी’ दुरुस्तीदेखील तिची बाळंतपणं निभावून नेते. वीस वर्षांनी ५५ टक्के, या आकड्याला पन्नाशीच्या पुरुषाच्या मोजपट्टीने नापास करणं चूक आहे.

दुसरा पैलू गोळीचा. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. पुढे महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने ती चालू राहिली, आणि तिच्यामुळे झडपेची शस्त्रक्रिया कर्ज न काढता होऊ लागली. पण शस्त्रक्रियेनंतर दर महिन्या-दोन महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे हे सांगणारा आकडा, तपासून गोळी बेतावी लागते, द्विदल जागेवरच्या धातूच्या झडपेसाठी तो साधारण २.५ ते ३.५ च्या दरम्यान ठेवून. जिथे प्रयोगशाळा तालुक्याच्या गावी आणि एसटी दिवसाला दोनदा, तिथे रोजगार बुडवून हे किती जण करणार? त्यात श्रावणातले उपवास, पावसाळ्यात वाढणाऱ्या पालेभाज्या, मेडिकलमधून परस्पर घेतलेली दुखण्याची गोळी; प्रत्येकाने आकडा हलतो. ‘पालेभाजी बंद’ हा सल्लाही अर्धवट आहे. ती खावी, पण रोज साधारण तेवढीच. तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्यांवर मोठी आशा होती. धातूच्या झडपेवर त्यांतल्या डॅबिगॅट्रानची चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे थांबवावी लागली. २०२२ मध्ये संधिवाताच्या हृदयरोगासोबत अनियमित ठोके असलेल्या साडेचार हजारांहून अधिक रुग्णांवर रिव्हारॉक्सॅबान तपासलं गेलं, तेव्हा जुन्या गोळीच्या गटातच मृत्यू कमी झाले.

झडप दुरुस्त झाली तरी संधिवाताच्या रुग्णाला पेनिसिलिनचं इंजेक्शन दर तीन-चार आठवड्यांनी, चाळिशीपर्यंत किंवा त्याहून पुढे, चालू ठेवावं लागतं. ते स्वस्त आहे, दुखतं, आणि रिअ‍ॅक्शनच्या भीतीने अनेक दवाखान्यांत दिलंच जात नाही. दुरुस्तीचं आयुष्य मात्र टाक्यांइतकंच त्याच्यावर अवलंबून असतं. ते आधी मिळालं तर काय होतं, हे युगांडातल्या ८१८ मुलांवरच्या चाचणीने २०२२ मध्ये दाखवलं. या मुलांना काही त्रास नव्हता. झडपेतला सुरुवातीचा बदल फक्त एकोत दिसत होता. दोन वर्षांत इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी ०.८ टक्के मुलांचा आजार वाढला, न घेणाऱ्यांपैकी ८.२ टक्के. आपल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत हा आजार आहे, पण शाळेत मुलांची छाती तपासली जाते ती स्टेथोस्कोपने. कंबोडिया आणि मोझांबिकमधल्या शाळांत २००७ मध्ये दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या, तेव्हा स्टेथोस्कोपला सापडलेल्या मुलांच्या सुमारे दहापट मुलं एकोला सापडली होती.